आठवणीची वस्तू आणि करणाऱ्याचे नाव

ऑक्टोबर २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या फेडरल न्यायालयाने ‘बिरुबी आर्ट’ या घाऊक विक्रेत्या कंपनीविरुद्ध निकाल दिला. बूमरँग, डिजेरिडू यांसारख्या अठरा हजारांहून अधिक वस्तू कंपनीने विकल्या होत्या. त्या ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी कलाकारांनी हाताने रंगवल्या आहेत, असा गिऱ्हाइकाचा समज व्हावा अशीच त्यांची मांडणी होती. प्रत्यक्षात त्या इंडोनेशियात तयार झाल्या होत्या. पुढच्या वर्षी कंपनीला २३ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावण्यात आला, पण तोवर ती अवसायनात गेली होती. हा एका कंपनीपुरता प्रकार नव्हता. तिथल्या उत्पादकता आयोगाने २०२२ च्या अहवालात नोंदवले की, आदिवासी शैलीच्या स्मरणवस्तूंवर लोक जो खर्च करतात त्यातला निम्म्याहून अधिक पैसा आदिवासी कलाकारांचा हात न लागलेल्या मालावर जातो. बिरुबीविरुद्धचा खटला लाकडाच्या किंवा रंगाच्या दर्जाबद्दल नव्हता. वस्तू कोणी घडवली याविषयी जे सुचवले गेले, ते खोटे होते. परदेश प्रवासातल्या खरेदीचा सगळा प्रश्न या एका मुद्द्यापाशी येऊन ठेपतो.

प्रवासाहून येताना काहीतरी घेऊन यायचे, ही माणसाची फार जुनी रीत. काशीहून गंगा आणि पंढरपूरहून बुक्का व तुळशीची माळ आणल्याशिवाय आपल्याकडे यात्रा पुरी होत नसे. मध्ययुगीन युरोपात सांतियागो दे कोम्पोस्तेलाला जाऊन आलेले यात्रेकरू शिंपला मिरवत. अठराव्या शतकात व्हेनिसला गेलेले इंग्रज उमराव कानालेत्तोने रंगवलेली त्या शहराची दृश्ये घेऊन परतत. तेव्हा घेणारा आणि करणारा यांच्यात अंतर थोडे होते. आता त्या दोघांमध्ये आयातदार, घाऊक व्यापारी, विमानतळावरची दुकाने, सहल कंपन्या आणि मार्गदर्शक अशी लांब साखळी उभी आहे. थायलंड, बाली, श्रीलंका, नेपाळ आणि युरोपच्या सहली मराठी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आल्या, तसे आपणही या साखळीच्या एका टोकाला जाऊन बसलो आहोत. म्हणून ‘काय घ्यावे’ या प्रश्नाच्या आधी ‘अस्सल कशाला म्हणावे’ हा प्रश्न सोडवायला हवा. अस्सलपण वस्तूच्या वयात नाही आणि तिच्या दुर्मीळपणातही नाही, असे माझे मत आहे. ती कोणी, कुठे, कशी केली हे खरे सांगितलेले असणे आणि तिच्या किमतीतला रास्त वाटा करणाऱ्याच्या हाती पडणे, या दोन गोष्टींवर ते ठरते.

वयाचा मुद्दा आधी घेऊ. जे प्राचीन तेच अस्सल, असे आपण सहज धरून चालतो. पण जगातल्या अनेक प्रसिद्ध स्मरणवस्तू आपल्या पणजोबांच्या काळातल्या किंवा त्याहून अलीकडच्या आहेत. एकीच्या पोटात दुसरी अशी रशियाची मात्र्योश्का बाहुली १८९० च्या दशकात जन्माला आली. वसिली झ्व्योझ्दोच्किन या कातारी कारागिराने तिचे कातकाम केले, सर्गेई माल्युतिन या चित्रकाराने ती रंगवली आणि १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात तिला पदक मिळाले. मेक्सिकोचे रंगीबेरंगी काल्पनिक प्राणी, म्हणजे ‘आलेब्रिखे’, पेद्रो लिनारेस या कागदाच्या लगद्याचे काम करणाऱ्या कारागिराने १९३६ च्या सुमारास प्रथम घडवले. वाहाका राज्यातल्या सुतारांनी पुढे ते लाकडात आणले. इजिप्तची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. पपायरसचा कागद करण्याची विद्या त्या देशातून शतकानुशतके नाहीशी झाली होती. हसन रगाब या अभियंत्याने १९६० च्या दशकात सुदानमधून रोपे आणली, प्रयोग केले आणि ती पुन्हा उभी केली. आज कैरोत मिळणारा खरा पपायरस असा दुसऱ्यांदा जन्मलेला आहे. म्हणून त्याला खोटे म्हणता येणार नाही. तो त्याच वनस्पतीच्या पट्ट्या उभ्याआडव्या रचून, दाबून, वाळवून केलेला असतो. खोटा तो, जो केळीच्या पानांवर छापून पपायरस म्हणून विकला जातो.

दुसरा समज याच्या उलट दिशेचा आहे. पर्यटकांचा बाजार कलेला बिघडवतो, खरी कला स्थानिकांच्या वापरासाठीच असते, आणि पाहुण्यासाठी केलेली वस्तू म्हणजे कलेचा ऱ्हास, असे अनेक जाणकार मानत आले. मानववंशशास्त्रज्ञ नेल्सन ग्रेबर्न यांनी १९७६ मध्ये संपादित केलेल्या ग्रंथाने या समजाला पहिला मोठा धक्का दिला. बाहेरच्या गिऱ्हाइकासाठी घडणारी कला हा अभ्यासाचा स्वतंत्र आणि गंभीर विषय आहे, असे त्यातून पुढे आले. अमेरिकेतल्या नावाहो लोकांचे विणकाम पाहा. त्यांच्या स्त्रिया अंगावर पांघरायची जाड वस्त्रे विणत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रेल्वे आली, अ‍ॅरिझोनातल्या गनॅडो इथल्या हबेलसारखे व्यापारी पूर्वेकडच्या गिऱ्हाइकांची मागणी घेऊन आले आणि पांघरुणाचे जमिनीवरचे जाजम झाले. आज संग्रहालयांत मानाने टांगलेली कितीतरी जाजमे याच बाजारासाठी विणलेली आहेत. वाहाकातल्या सान बार्तोलो कोयोतेपेक गावची काळी मडकी पूर्वी करड्या रंगाची, निस्तेज आणि दणकट असत. १९५० च्या दशकात दोन्या रोसा या कुंभारणीने भाजण्याआधी ती गारेच्या दगडाने घोटून त्यांना चकाकी आणण्याची रीत बसवली. ही चकाकणारी भांडी पाणी साठवायला पूर्वीइतकी कामाची राहिली नाहीत. पण गावाला त्यांच्यामुळे नवे गिऱ्हाईक मिळाले आणि कुंभारकाम चालू राहिले. काही गमावले, काही मिळवले. हा हिशेब करण्याचा अधिकार करणाऱ्याचा आहे, प्रवाशाने तो त्याच्या वतीने करू नये.

बाजार कलेचे भले करू शकतो याचा सर्वांत चांगला पुरावा तुर्कस्तानात सापडतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रासायनिक रंग आले आणि अनातोलियाच्या गालिच्यांतून वनस्पतींचे रंग हळूहळू गेले. हाराल्ड ब्योमर या जर्मन रसायनज्ञाने जुन्या गालिच्यांतल्या रंगांचे पृथक्करण करून त्यांची मुळे शोधली. मंजिष्ठेच्या कुळातल्या मुळांपासून तांबडा रंग कसा काढायचा, हे खेड्यांतल्या विणकर घरांना पुन्हा शिकवले गेले. मार्मारा विद्यापीठाच्या साहाय्याने १९८१ मध्ये ‘दोबाग’ हा प्रकल्प उभा राहिला. त्यातून निघणाऱ्या गालिच्यावर विणणारीचे आणि तिच्या गावाचे नाव असते. हे गालिचे मुख्यतः परदेशी गिऱ्हाइकांनीच घेतले. नाव, साहित्य आणि मोबदला या तिन्ही गोष्टी नीट जुळल्या की गेलेली विद्याही परत येते. बाजाराला नुसते नाकारून हे झाले नसते.

मग खोटेपणा नेमका कुठे असतो? हाताने केलेली प्रत्येक वस्तू अस्सल मानावी, तर तेही पुरेसे नाही. मेक्सिकोतल्या तेओतित्लान देल व्हाये गावचे झापोटेक विणकर पिढ्यान्‌पिढ्या उत्तम हातमाग चालवतात. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकी व्यापाऱ्यांनी त्यांच्याकडून नावाहो नमुन्याची जाजमे विणून घेतली आणि ती अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातल्या बाजारात विकली. विणकर खरा, लोकर खरी, माग खरा. पण अशी जाजमे नावाहोंची म्हणून खपली की एकाच वेळी दोघांचे नुकसान होते. नावाहो स्त्रीला तिच्या कष्टाचा भाव मिळत नाही आणि झापोटेक विणकराला त्याचे नाव मिळत नाही. नक्कल करणे हाही मूळ दोष नव्हे. डेल्फ्ट शहराची निळी-पांढरी भांडी सतराव्या शतकात चिनी पोर्सिलेनची नक्कल म्हणूनच सुरू झाली. मिंग राजवट कोसळताना चीनमधून येणारा माल आटला, तेव्हा डच कुंभारांनी ती जागा भरून काढली. पुढे पवनचक्क्या, जहाजे, डच घरे त्या निळाईत उतरली आणि नक्कल स्वतःच्या पायावर उभी राहिली. आज अ‍ॅमस्टरडॅमच्या दुकानांत त्याच निळ्या नक्षीचा बराच माल छापील असतो. छापील म्हणून स्वस्तात विकला तर त्यात गैर काही नाही. हाताने रंगवलेला म्हणून विकला तर ती लबाडी आहे.

या लबाडीची किंमत किती मोठी असते, हे व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावर दिसते. आगीच्या भीतीने व्हेनिस प्रजासत्ताकाने १२९१ मध्ये काचेच्या भट्ट्या या बेटावर हलवल्या. सातशे वर्षांहून अधिक काळ तिथे फुंकणीने काच घडते आहे. भट्टी दिवसरात्र पेटती ठेवावी लागते, ती गॅसवर चालते, आणि कारागिराचा हात तयार व्हायला वर्षानुवर्षे लागतात. २०२१-२२ मध्ये युरोपात गॅसचे दर भडकले, तेव्हा अनेक भट्ट्या काही काळ विझवाव्या लागल्या. एवढा खर्च अंगावर घेऊन केलेल्या पेल्याशेजारी बाहेरून आणलेला, दिसायला जवळपास तसाच पेला अगदी थोड्या किमतीत मांडला जातो आणि त्यालाही मुरानोचेच नाव दिले जाते. स्वस्त मालाशी स्पर्धा करणे कारागिराला कदाचित जमेल. स्वतःच्याच नावाशी स्पर्धा करणे त्याला जमत नाही. व्हेनेतो प्रांताने १९९४ मध्ये कायदा करून मुरानोच्या काचेसाठी खास चिन्ह आणले ते यामुळेच. चिठ्ठीवरच्या चिन्हासोबत भट्टीचा क्रमांकही असतो.

अशा कायद्यांची आणि चिन्हांची यादी आता बरीच मोठी झाली आहे. कॅनडाने इनुइट शिल्पांसाठी १९५८ मध्ये ‘इग्लू’ चिठ्ठी सुरू केली. आता ती इनुइट कलाकारांच्याच संस्थेकडे आहे. जपानने १९७४ मध्ये पारंपरिक हस्तोद्योगांसाठी कायदा केला. मुख्य काम हाताने झालेले, तंत्र सुमारे शंभर वर्षे चालत आलेले, साहित्य पारंपरिक आणि एका प्रदेशात पुरेसे कारागीर, अशा कसोट्यांवर तिथे आजवर दोनशे चाळीसहून अधिक कला मान्य झाल्या आहेत. अमेरिकेने १९९० च्या कायद्याने आदिवासींच्या नावाने खोटा माल विकणे हा गुन्हा ठरवला. न्यूझीलंडने १९९७ मध्ये ‘पौनामू’ या हिरव्या दगडाची मालकी नाई ताहू या माओरी जमातीकडे सोपवली. पनामाने २००० मध्ये कायदा करून गुना जमातीच्या स्त्रियांच्या ‘मोला’ या कापडी शिवणकलेसारख्या आदिवासी कलांवरचा समूहाचा हक्क मान्य केला. युरोपीय महासंघात पूर्वी भौगोलिक संकेताचे एकत्रित संरक्षण खाद्यपेये आणि शेतमालाला होते. २०२३ च्या नियमाने ते हस्तकलेलाही दिले आणि डिसेंबर २०२५ पासून तो लागू झाला. या सगळ्यांची मर्यादा मात्र एकच आहे, ती देशाच्या सीमेची. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक संकेत मिळाला. तरी जून २०२५ मध्ये मिलानच्या प्रदर्शनात प्रादा या कंपनीने तशाच चपला कोल्हापूरचे नाव न घेता मांडल्या. महाराष्ट्रातून आवाज उठल्यावर कंपनीने प्रेरणा मान्य केली. तिथे आपल्या कायद्याचा हात पोचत नव्हता, लोकांचा आवाज पोचला. मुरानोच्या काचकाराचे आणि कोल्हापूरच्या चर्मकाराचे दुखणे एकच आहे, हे मराठी प्रवाशाने तरी ओळखायला हवे.

यावर पहिला आक्षेप असा की, आठ दिवसांच्या सहलीत बस थांबेल तिथे उतरणाऱ्या प्रवाशाने हे सगळे तपासायचे कधी? आक्षेपात तथ्य आहे. सहलीतले खरेदीचे थांबे बहुधा दलालीवर चालतात. दुकानदार मार्गदर्शकाला किंवा सहल कंपनीला विक्रीतला हिस्सा देतो आणि तो गिऱ्हाइकाच्याच खिशातून जातो. चीनमध्ये हा प्रकार इतका बोकाळला की २०१३ च्या पर्यटन कायद्याने स्वस्त सहलीच्या आमिषाने लोकांना ठरावीक दुकानांत नेण्यावर बंदी घालावी लागली. पण थोड्या वेळातही बरेच काही पाहता येते. जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्टमधल्या कुकू घड्याळाला तिथल्या संघटनेचे प्रमाणपत्र असते. यंत्र चावीचे किंवा वजनांचे आहे आणि महत्त्वाचे भाग त्याच प्रदेशातले आहेत, असा त्याचा अर्थ. तेच घड्याळ स्वित्झर्लंडची खासियत म्हणून विकले जात असेल, तर विक्रेत्याला माहिती नाही किंवा ती सांगायची नाही. जावाच्या बाटिकची कसोटी कापड उलटून होते. मेण कापडात उतरलेले असल्याने नक्षी दोन्ही बाजूंनी जवळपास सारखी उठते, छापील कापडाची पाठ फिकी पडते. ‘चांटिंग’ या छोट्या झारीने मेण ओतून काढलेल्या नक्षीत हाताचे बारीक फरक दिसतात. तांब्याच्या ठशाने केलेल्या बाटिकमध्ये नमुना तंतोतंत पुन्हा येतो. तीही खरी हस्तकलाच आहे, फक्त किंमत कमी असायला हवी. पपायरस उजेडासमोर धरला की उभ्याआडव्या पट्ट्यांची जाळी दिसते. श्रीलंकेत ‘लक्सल’ या सरकारी दुकानात आधी जाऊन आले की भावाचा अंदाज येतो. मग अंबलंगोड्याला कदुरुच्या हलक्या लाकडाचे मुखवटे कोरणाऱ्यांकडून थेट घेता येते. आणि कुठल्याही दुकानात तीन प्रश्न विचारायला दोन मिनिटे पुरतात. हे कोणी केले? कुठे केले? कशाचे केले? खरा विक्रेता या प्रश्नांनी खुलतो, खोटा विषय बदलतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अस्सल वस्तू महाग असते. मग हा आग्रह श्रीमंतांची हौस ठरत नाही का? शेजारी, नातेवाईक, कार्यालयातले सहकारी सगळ्यांसाठी काही ना काही न्यायचे, ही आपली रीत प्रेमाची आहे आणि तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. कारखान्यात चुंबक आणि किल्लीच्या साखळ्या करणाऱ्या कामगाराचेही त्यावर पोट चालते. पण त्या वस्तूंना कोणी हस्तकला म्हणत नाही, म्हणून त्यांनी कोणाचे नाव चोरलेले नसते. त्या खुशाल घ्याव्यात. प्रश्न येतो तो नक्षीकाम, विणकाम, कोरीवकाम म्हणून पैसे मोजताना. तिथे मोठीच वस्तू हवी असे नाही. मोठ्या छापील चादरीपेक्षा हाताने केलेला बाटिकचा रुमाल, खोट्या झुंबरापेक्षा मुरानोचा एक मणी, यांत खर्च वाढत नाही. घासाघिशीचेही तेच. अनेक देशांत ती बाजाराची रीतच आहे आणि मध्यस्थाशी ती जरूर करावी. पण समोर स्वतः विणणारी बाई बसली असेल, तर शेवटच्या चार पैशांसाठी अडून बसणे बरे नव्हे. तिच्या दिवसभराच्या मजुरीतूनच ते पैसे कापले जातात.

तिसरा आक्षेप घरचा आहे. आपल्याकडे पैठणीचे माग, सावंतवाडीची लाकडी खेळणी आणि गंजिफा, वारली चित्रे असताना परदेशी कारागिराची काळजी आपण का करावी? उत्तर सरळ आहे. जो बालीत ठशाचे आणि हाताचे काम ओळखायला शिकतो, त्याला येवल्यात हातमागाची आणि यंत्रमागाची पैठणीही ओळखता येते. जो परदेशात करणाऱ्याचे नाव विचारतो, तो वारली चित्र घेतानाही कोणत्या पाड्यावरच्या चित्रकाराने काढले हे विचारतो. पारख ही एकच असते, ती देशी आणि परदेशी अशी वाटता येत नाही. शिवाय आपल्या कारागिरांचा माल परदेशी पाहुण्यांनी रास्त भावात, खऱ्या नावाने घ्यावा अशी आपली अपेक्षा असेल, तर तोच नियम आपण बाहेर पाळला पाहिजे.

काही खरेदी मात्र कितीही खरी असली तरी टाळलीच पाहिजे. हस्तिदंत, कासवाच्या पाठीच्या फण्या, शहातूश शाली आणि संरक्षित जातींचे प्रवाळ यांच्या व्यापारावर १९७५ पासून अमलात असलेल्या आंतरराष्ट्रीय कराराचे निर्बंध आहेत. अशी वस्तू विकणाऱ्याने दिलेल्या पावतीने ती कायदेशीर होत नाही. जुन्या मूर्ती आणि पुरावस्तूंचेही तसेच. नेपाळमध्ये पाटणचे नेवार कारागीर मेणाच्या साच्यातून आजही अप्रतिम मूर्ती ओततात. त्या नव्या आहेत असा पुरातत्त्व विभागाचा दाखला घेऊन त्या आणता येतात. थायलंडमधून बुद्धमूर्ती बाहेर नेण्यासाठी ललित कला विभागाची परवानगी लागते. जुनी म्हणून चोरून विकली जाणारी मूर्ती एकतर खोटी असते किंवा कुठल्यातरी देवळातून उचललेली असते. पहिल्या प्रकारात घेणारा लबाडीला हातभार लावतो, दुसऱ्या प्रकारात चोरीला.

सगळा आढावा घेतल्यावर निष्कर्ष असा निघतो. कायदे आणि चिन्हे हवीतच, पण ती विक्रेत्याला धाक घालतात, गिऱ्हाइकाला डोळे देत नाहीत. कलेचे भवितव्य शेवटी दुकानात उभ्या असलेल्या माणसाच्या निवडीवर ठरते, कारण कारागिराचा मुलगा त्याच धंद्यात राहील की नाही हे त्या निवडींच्या बेरजेतून ठरत असते. म्हणून पुढच्या परदेश प्रवासाला निघताना वाचकांनी एवढे करावे. जिथे जाणार तिथली एक कला आधी वाचून ठेवावी, तिचा भाव समजून घ्यावा, शक्य तर ती करणाऱ्याकडूनच किंवा कारागिरांच्या सहकारी दुकानातून घ्यावी, आणि पावतीवर करणाऱ्याचे व गावाचे नाव लिहून मागावे. नाव देता येत नसेल, तर हस्तकलेची किंमत देऊ नये.